यो ला टेंगो : चार दशकांच्या अल्बमांचे परीक्षण

‘यो ला टेंगो’चा १९८६ मधला पहिला अल्बम ‘राइड द टायगर’ आणि २०२३ मधला ‘धिस स्टुपिड वर्ल्ड’ लागोपाठ ऐकले, तर दोन्हींमध्ये वाजवणारी मुख्य माणसे तीच आहेत हे ओळखायला वेळ लागतो. पहिल्यात साठच्या दशकातल्या गिटार-पॉपवर मनापासून प्रेम करणारे, नीटनेटके, काहीसे बुजरे संगीत आहे. दुसऱ्याच्या आरंभी बेसच्या एकाच आवर्तनावर सात मिनिटांहून अधिक काळ गिटार किंचाळते, गुरगुरते, आणि तरीही गाण्याचा तोल कुठे ढळत नाही. अमेरिकेतल्या स्वतंत्र गिटार रॉकमध्ये इतक्या सावकाश, इतक्या सलग आणि इतक्या कमी गाजावाजात वाढत गेलेला दुसरा बँड माझ्या पाहण्यात नाही. ही वाढ नेमकी कशात झाली, कोणते अल्बम विकत घेऊन ऐकावेत आणि कोणते मागे ठेवले तरी चालतील, हे येथे मांडायचे आहे.

बँडची स्थापना १९८४ मध्ये न्यू जर्सी राज्यातल्या होबोकेन या शहरात झाली. हडसन नदी ओलांडली की समोर मॅनहॅटन, इतके ते न्यू यॉर्कला खेटून आहे. पण तिथल्या ‘मॅक्सवेल्स’ या उपाहारगृहाच्या मागच्या खोलीत होणाऱ्या कार्यक्रमांमुळे ऐंशीच्या दशकात त्या लहान शहराला स्वतःचे सांगीतिक स्थान मिळाले होते. आयरा कॅप्लन संगीतावर लेखन करत असत. जॉर्जिया हबली या जॉन आणि फेथ हबली या ख्यातनाम अ‍ॅनिमेशनपटकार दांपत्याच्या कन्या. कॅप्लन गिटार वाजवतात, हबली ड्रम्स वाजवतात, दोघेही गातात, आणि दोघे पतिपत्नी आहेत. दोघांपैकी कोणाचाही आवाज रूढ अर्थाने रॉक गायकाचा नाही. कॅप्लन बोलल्यासारखे, किंचित संकोचून गातात. हबली यांचा आवाज खालच्या पट्टीतला, आढेवेढे न घेणारा आणि ऊबदार आहे. सुरुवातीच्या अल्बमांत ही मर्यादा भासते. पुढे बँडने आपले सगळे संगीतच या दोन आवाजांच्या मापाने बेतले, आणि त्याच्या प्रगतीचा पहिला धागा मला तिथेच दिसतो.

‘राइड द टायगर’ची निर्मिती ‘मिशन ऑफ बर्मा’ या बँडच्या क्लिंट कॉन्ली यांनी केली. त्यावरची लीड गिटार डेव्ह श्रॅम यांची आहे आणि अल्बममधले सर्वांत देखणे क्षण त्यांच्याच बोटांतून आलेले आहेत. श्रॅम लवकरच बाहेर पडले, तेव्हा ती जबाबदारी कॅप्लन यांच्यावर येऊन पडली. श्रॅम यांच्या सफाईदार वादनाची नक्कल करण्याच्या फंदात न पडता ते हळूहळू फीडबॅककडे वळले. विद्युत गिटारचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरमधून मोठ्याने बाहेर पडला की तो हवेतून परतून तारांना पुन्हा कंपित करतो, आणि त्यातून स्वतःच स्वतःला पोसणारा, लांबत जाणारा एक स्वर तयार होतो. पुष्कळ वादक त्याला टाळतात किंवा गाण्याच्या शेवटी शोभेपुरता वापरतात. कॅप्लन यांनी त्याला वळण लावून गाण्याचा कणा केले. १९८७ चा ‘न्यू वेव्ह हॉट डॉग्ज’ संक्रमणकाळातला आहे आणि तो आवर्जून शोधण्याची गरज नाही. १९८९ च्या ‘प्रेसिडेंट यो ला टेंगो’वर मात्र ‘बार्नबी, हार्डली वर्किंग’सारखे मनात घोळत राहणारे गाणे आहे, आणि ‘द ईव्हिल दॅट मेन डू’च्या लांब, खडबडीत रूपात पुढच्या कॅप्लन यांची पहिली ठळक चाहूल लागते.

त्यानंतर लगेच, १९९० मध्ये, ‘फेकबुक’ आला आणि तो थेट उलट दिशेला गेला. त्यावर बहुतांश इतरांची गाणी आहेत : किंक्स, जॉन केल, कॅट स्टीव्हन्स, डॅनियल जॉन्स्टन. विजेच्या गोंगाटाऐवजी साधी गिटार आणि उभा डबल बेस, ब्रशने हलकेच वाजवलेले ड्रम्स, आणि पाहुणे म्हणून परतलेले श्रॅम. दुसऱ्यांची गाणी गाताना कॅप्लन आणि हबली यांचे आवाज पहिल्यांदा मोकळे झालेले ऐकू येतात, म्हणून हा अल्बम आजही टवटवीत वाटतो. पण तोपर्यंतची अडचणही इथेच उघड होते. गोंगाट करणारा बँड आणि हळुवार गाणारा बँड असे जणू दोन वेगळे बँड एकाच नावाने अल्बम काढत होते, आणि दोघांची गाठ पडलेली नव्हती.

ती पडण्यासाठी तिसरा माणूस यावा लागला. सुरुवातीच्या वर्षांत बेसवादक सतत बदलत होते. १९९२ च्या ‘मे आय सिंग विथ मी’पासून जेम्स मॅकन्यू आले आणि ते आजतागायत आहेत. त्या अल्बमवरचे ‘मशरूम क्लाउड ऑफ हिस’ हे जवळपास नऊ मिनिटांचे गाणे म्हणजे बेभान उधळण आहे. कान बधिर करण्याची ताकद त्यात आहे, परंतु बाकीची गाणी त्याच्या शेजारी अंग चोरून उभी राहतात.

१९९३ चा ‘पेनफुल’ हा या बँडचा खरा जन्म, असे मी विचारपूर्वक म्हणतो. न्यू यॉर्कच्या मॅटडॉर रेकॉर्ड्सकडून आलेला हा त्यांचा पहिला अल्बम, आणि निर्माते रॉजर मूटेनो यांच्याबरोबर दीर्घकाळ चाललेल्या कामाची सुरुवातही इथूनच झाली. या अल्बमवर ऑर्गन पुढे आला. ऑर्गनची कळ दाबून ठेवली की स्वर विझत नाही, तो एकसारखा चालू राहतो. गिटारचा फीडबॅकही हेच करतो, फक्त जास्त खरखरीत आवाजात. ही दोन्ही वाद्ये एकाच आधारस्वराची दोन रूपे आहेत हे उमगल्यावर बँडला गोंगाट आणि हळुवारपणा यांत निवड करण्याची गरज उरली नाही. ‘बिग डे कमिंग’ हे गाणे या अल्बमवर दोनदा येते. सुरुवातीला ते ड्रम्सशिवाय, ऑर्गनच्या लांबलचक स्वरावर जवळजवळ पुटपुटल्यासारखे गायले आहे. शेवटाकडे तेच गाणे पूर्ण ताकदीच्या विद्युत गिटारसह परत येते. शब्द तेच, मात्र पहिल्यात जे आश्वासन वाटते ते दुसऱ्यात अधीरता बनते. या दोन रूपांच्या मध्ये ‘फ्रॉम अ मोटेल सिक्स’, हबली यांनी गायलेले ‘नोव्हेअर निअर’ आणि ‘सडन ऑर्गन’ ऐकले की गाण्यांचा क्रम किती विचाराने लावला आहे ते कळते. शेवटचे ‘आय हर्ड यू लुकिंग’ हे शब्दाविना आहे. एकच छोटी स्वरमालिका सात मिनिटे फिरत राहते, मॅकन्यू आणि हबली तिची वीण किंचितही उसवू देत नाहीत, आणि त्यांच्या भरवशावर कॅप्लन गिटार हवी तिथे नेतात. मॅकन्यू यांनी बँडला काय दिले याचे उत्तर या सात मिनिटांत आहे. लीड गिटारला भरकटण्याचे स्वातंत्र्य हवे असेल, तर तिच्याखाली कोणीतरी जागचे न हलणारे असावे लागते.

१९९५ चा ‘इलेक्ट्र-ओ-पुरा’ याच वाटेने जातो, पण अधिक खेळकर आहे. टेनेसीतल्या नॅशव्हिल इथे तो ध्वनिमुद्रित झाला. ‘टॉम कोर्टने’ हे त्यांच्या सर्वांत प्रसन्न गाण्यांपैकी एक; ‘डेकोरा’ आणि ‘पाब्लो अँड अँड्रिया’ हबली यांच्या आवाजातली. मात्र हा अल्बम घ्यावा तो ‘ब्लू लाइन स्विंगर’साठी. ऑर्गन एका स्वरावर थांबून राहतो, ड्रम्स अडखळत, सुटे सुटे येतात, गिटार भोवती घिरट्या घालते, आणि कित्येक मिनिटे नेमके काय उभे राहत आहे याचा अंदाजच लागत नाही. मग सगळे एका ठेक्यात जुळते आणि हबली गाऊ लागतात. इतक्या उशिरा आलेल्या त्या साध्या आवाजाने मिळणारा दिलासा, गाणे पहिल्या मिनिटाला सुरू झाले असते तर मिळालाच नसता. श्रोत्याला थांबायला लावण्याचे धैर्य बँडला इथे पुरते लाभले आहे.

१९९७ च्या ‘आय कॅन हिअर द हार्ट बीटिंग अ‍ॅज वन’ला बहुतेक समीक्षक बँडचा सर्वोत्तम अल्बम मानतात. सोळा गाणी, अडुसष्ट मिनिटे, आणि शैलींची चंगळ : ‘शुगरक्यूब’मध्ये खरखरीत गिटार आणि गोड चाल, ‘सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी’मध्ये बोसा नोव्हाचा झुलता ठेका, ‘ग्रीन अ‍ॅरो’मध्ये रातकिड्यांच्या आवाजावर तरंगणारी स्लाइड गिटार, ‘स्पेक बीबॉप’मध्ये दहा मिनिटांचा ऑर्गनचा घोष. ‘स्टॉकहोम सिंड्रोम’मध्ये मॅकन्यू यांचा उंच, कोवळा आवाज येतो आणि मागोमाग गिटारचा असा तुटक, धारदार तुकडा येतो की गाणे दुभंगल्यासारखे वाटावे. ‘मोबी ऑक्टोपॅड’ बेसच्या एका हट्टी आवर्तनावर चालते. ‘ऑटम स्वेटर’ हे बँडचे बहुधा सर्वांत प्रिय गाणे असेल. गिटारसाठी नावाजलेल्या या बँडने ते ऑर्गन, बेस आणि तालवाद्यांवर उभे केले आहे, आणि लोकांच्या घोळक्यातून दोघांनी हळूच निसटून जावे एवढीच साधी इच्छा त्यात आहे. एवढे वैविध्य असूनही अल्बम विस्कळीत वाटत नाही, कारण प्रत्येक शैली या तिघांच्या मवाळ आवाजांतून आणि हबली यांच्या नेमक्या, दिखावा टाळणाऱ्या ड्रम्समधून गाळून आलेली आहे. हबली यांच्या वादनाविषयी पुरेसे लिहिले जात नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते. ठेक्यामधल्या रिकाम्या जागा त्या फार थोड्या भरतात, ठेका शक्यतो बदलत नाहीत, आणि बदलला तर तो बदल गाण्यातली घटना ठरतो.

तरीही, एकच अल्बम निवडायचा असेल तर मी २००० चा ‘अँड देन नथिंग टर्न्ड इटसेल्फ इनसाइड-आउट’ निवडेन. आधीच्या अल्बमने एवढी वाहवा मिळवल्यावर त्याचीच आणखी झगमगीत आवृत्ती काढणे सोपे होते. बँडने त्याऐवजी आवाज कमी केला. सत्याहत्तर मिनिटांच्या या अल्बमवर खऱ्या अर्थाने मोठ्याने वाजणारे गाणे एकच आहे, ‘चेरी चॅपस्टिक’, आणि ते अर्ध्याहून अधिक अल्बम सरल्यावर येते. तोवर ऐकू येतात ते ब्रशचे फटकारे, टिकटिकणारे तालयंत्र, दबका ऑर्गन आणि कुजबुज. ‘आवर वे टु फॉल’ प्रेमाची सुरुवात आठवते, आणि ‘द क्रायिंग ऑफ लॉट जी’ त्याच प्रेमातला नंतरचा रुसवा आणि थकवा बोलून दाखवते. रॉक संगीतात प्रेमात पडण्याची आणि प्रेमभंगाची गाणी अमाप आहेत. टिकलेल्या सहजीवनावर, त्यातल्या छोट्या अपराधांवर आणि समजुतींवर इतक्या प्रौढपणे बोलणारा अल्बम विरळा. हबली यांचे ‘टिअर्स आर इन युअर आइज’ कोणतेही सांत्वन लादत नाही, म्हणूनच ते सांत्वन करते. शेवटचे ‘नाइट फॉल्स ऑन होबोकेन’ सतरा मिनिटांहून मोठे आहे आणि त्यातला बराचसा काळ शब्द नाहीतच. मुखपृष्ठावर ग्रेगरी क्रूडसन यांचे संधिप्रकाशातल्या उपनगराचे छायाचित्र आहे, आणि आतल्या संगीताशी त्याचे इतके जमते की हा अल्बम छापील आवरणासह घेणेच योग्य.

२००३ चा ‘समर सन’ हाच मार्ग पुढे नेऊ पाहतो आणि तिथे त्यांचा हिशेब चुकतो. ‘लिटल आइज’ आणि ‘सीझन ऑफ द शार्क’ ही छान गाणी आहेत, पण २००० च्या अल्बममधल्या शांततेखाली जो ताण होता तो इथे सैल पडला आहे. हळू वाजवणे ही सवय झाली की तिच्यातली धग जाते. त्याच सुमाराचे अधिक रोचक काम म्हणजे ‘द साउंड्स ऑफ द साउंड्स ऑफ सायन्स’. फ्रेंच दिग्दर्शक झाँ पेनलेव्हे यांच्या समुद्रजीवांवरच्या लघुपटांना बँडने दिलेले हे संगीत, पडद्यावर चाललेल्या हालचालीला शब्दाविना साथ करण्याचा उत्तम नमुना आहे.

२००६ मध्ये त्यांनी ‘आय अ‍ॅम नॉट अफ्रेड ऑफ यू अँड आय विल बीट युअर अ‍ॅस’ असे दांडगे नाव देऊन सगळी मरगळ झटकली. दहा मिनिटांहून मोठ्या दोन गिटारप्रधान गाण्यांच्या कंसात पियानो, तुताऱ्या, सोल आणि गॅरेज रॉक सामावणारा हा अल्बम १९९७ च्या बहुरंगीपणाकडे परततो. ज्यांना गाण्यांचा फापटपसारा आवडत नाही त्यांना तो लांब वाटेल. मला त्यातला आनंद खरा वाटतो. २००९ च्या ‘पॉप्युलर साँग्ज’मध्ये आधी आटोपशीर गाणी आणि शेवटी तीन प्रदीर्घ गाणी अशी सरळ विभागणी आहे. त्यांतले ‘मोअर स्टार्स दॅन देअर आर इन हेवन’ उत्कृष्ट आहे, पण एकूण मांडणी पाहता ‘पेनफुल’मध्ये एकजीव झालेल्या दोन बाजू पुन्हा वेगळ्या ठेवल्यासारख्या वाटतात.

‘फेड’साठी, २०१३ मध्ये, त्यांनी मूटेनो यांच्याऐवजी ‘टॉरटॉइज’ या बँडच्या जॉन मॅकेंटायर यांना निर्माते म्हणून घेतले. हा अल्बम त्यांच्या मानाने छोटा, सुबक आणि अतिशय सुरेल आहे. आरंभीचे ‘ओम’ आणि व्हायोलिन-तुताऱ्यांनी भरलेले अखेरचे ‘बिफोर वी रन’ यांच्यामध्ये वय, आजारपण आणि सोबत यांविषयी पाल्हाळ न लावता लिहिलेली गाणी आहेत. नवख्या श्रोत्याला देण्यासाठी मला हाच सर्वांत सोयीचा वाटतो. २०१५ चा ‘स्टफ लाइक दॅट देअर’ ‘फेकबुक’चा उघड वारसदार आहे. श्रॅम त्यासाठी पुन्हा आले, आणि बँडने स्वतःचीच काही जुनी गाणी नव्याने, मंद गतीत गायली. ‘डीपर इंटू मूव्हीज’ १९९७ मध्ये गिटारच्या भिंतीआड दडलेले होते. इथे ते उघड्यावर येते आणि चाल किती नाजूक होती ते कळते.

यानंतरचा बदल ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीतला आहे. ‘देअर्ज अ रायट गोइंग ऑन’ (२०१८) बँडने बाहेरचा निर्माता न घेता, आपल्या सरावाच्या जागेत, मॅकन्यू यांनी संगणकावर सांभाळलेल्या ध्वनिमुद्रणातून घडवला. त्यात गाण्यांपेक्षा वातावरण अधिक आहे. पेनलेव्हे यांच्या लघुपटांसाठी केलेल्या कामाचा अंश इथे जाणवतो, पण ‘शेड्स ऑफ ब्लू’सारखे अपवाद सोडले तर लक्ष वरचेवर सुटते. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात सरावाच्या खोलीत मधोमध एक मायक्रोफोन ठेवून वाजवलेले ‘वी हॅव अम्नीशिया समटाइम्स’ हे तर केवळ पक्क्या चाहत्यांसाठी आहे. या दोन प्रयत्नांचे फळ ‘धिस स्टुपिड वर्ल्ड’मध्ये मिळते. पद्धत तीच, तिघांनी एकत्र वाजवून स्वतःच मुद्रित करण्याची. पण आता गाणी पक्की आहेत. होबोकेनच्या नदीकाठच्या रस्त्याचे नाव घेतलेले ‘सिनात्रा ड्राइव्ह ब्रेकडाउन’ ऐकताना ‘आय हर्ड यू लुकिंग’ आठवते. बेस आणि ड्रम्स तसेच अढळ आहेत, गिटार मात्र आता सुरेलपणाची पर्वा करत नाही. ती ओरखडते, थांबते, पुन्हा झेपावते. ‘फॉलआउट’मध्ये चाल आणि खरखर यांचे प्रमाण अचूक साधले आहे. हबली यांनी गायलेले ‘अ‍ॅसेलेस्टाइन’ या बँडच्या सर्वांत सुंदर गाण्यांत मोजावे लागेल. काळ संपत चालल्याची जाणीव सगळ्या अल्बमभर आहे आणि कोणीही तिचे अवडंबर माजवत नाही.

इतका संथ विकास शक्य झाला याचे श्रेय बँडच्या स्वतंत्र राहण्याला द्यायला हवे. पहिल्या अल्बमपासून ‘पेनफुल’पर्यंत सात वर्षे गेली, तत्काळ यशाची अपेक्षा धरणाऱ्या कंपनीत ती मिळणे कठीण होते. १९९३ पासून ते मॅटडॉरकडेच आहेत. मध्यंतरी त्या लेबलचे मोठ्या कंपन्यांशी करार झाले आणि संपले, पण बँडचे संगीत त्यामुळे वळले नाही. प्रत्यक्ष कार्यक्रमांतही हीच मोकळीक दिसते. गाण्यांची यादी दर रात्री बदलते, आणि ‘फेड’च्या दौऱ्यात तर पूर्वार्ध मंद आणि उत्तरार्ध कर्कश अशी सरळ विभागणी होती. न्यू जर्सीतल्या डब्ल्यूएफएमयू या श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या नभोवाणी केंद्रासाठी ते देणगीदारांच्या फर्माइशीची गाणी जागच्या जागी वाजवून दाखवत आले आहेत. मॅक्सवेल्समध्ये २००१ पासून हनुक्का या ज्यू सणाच्या आठ रात्री वाजवण्याचा त्यांचा प्रघात होता. ते उपाहारगृह २०१३ मध्ये बंद पडले, त्यानंतर या मैफली न्यू यॉर्कमध्ये सुरू झाल्या.

खरेदीविषयी थोडेसे. ‘पेनफुल’ घ्यायचा असल्यास २०१४ ची ‘एक्स्ट्रा पेनफुल’ ही वाढीव आवृत्ती घ्यावी, कारण त्यातल्या कच्च्या ध्वनिमुद्रणांवरून ऑर्गन आणि गिटार यांची जुळणी कशी होत गेली ते कळते. २००५ चा ‘प्रिझनर्स ऑफ लव्ह’ हा निवडक गाण्यांचा संच ओळखीपुरता ठीक आहे. पण ज्या बँडचे मर्म गाण्यांच्या क्रमात आणि लांबीत आहे त्याची गाणी सुटी काढून ऐकल्यास बरेच हातचे जाते. ‘फेड’पासून सुरुवात करून १९९७ च्या अल्बमकडे, तिथून ‘पेनफुल’कडे जावे. २००० च्या अल्बमसाठी सव्वा तासाची सवड राखावी आणि तो एका बैठकीत ऐकावा. ज्यांना मुळात गिटारचा गोंगाटच हवा आहे त्यांनी ‘धिस स्टुपिड वर्ल्ड’पासून आरंभ केला तरी हरकत नाही, त्यानंतर त्यांनी ‘इलेक्ट्र-ओ-पुरा’ घ्यावा.